संशोधनात रुग्ण आणि काळजीवाहक: कधी बोलवायचं, काय विचारायचं, काय नोंदवायचं

प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) लिहून तयार आहे, एथिक्स कमिटीकडे (अभ्यासाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे) कागद जायला दोन दिवस उरलेत, आणि अर्जातल्या एका रकान्यात प्रश्न आहे: अभ्यासाच्या आखणीत रुग्णांचा सहभाग कसा घेतला? मग ओपीडीतला एखादा बोलका रुग्ण गाठला जातो, त्याच्या हातात माहितीपत्रक दिलं जातं, तो ‘छान आहे’ म्हणतो आणि रकाना भरतो. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. पण त्या रुग्णाने काहीही म्हटलं असतं तरी अभ्यासातलं एक अक्षर हललं नसतं, हे दोघांनाही माहीत असतं.

म्हणून पुढे सगळीकडे एकच कसोटी लावली आहे: आज कोणता निर्णय अजून खुला आहे? तो एका वाक्यात लिहिता आला तर रुग्णांना आणि काळजीवाहकांना बोलवा. लिहिता आला नाही तर त्यांचा वेळ घेऊ नका.

सहभागी वेगळा, सल्लागार वेगळा

मराठीत ‘सहभाग’ हा एकच शब्द दोन कामं करतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. ज्याचं रक्त तपासलं जातं, ज्याची प्रश्नावली भरून घेतली जाते, तोही सहभागी. आणि अभ्यास कसा करायचा हे ठरवायला जो टेबलापाशी बसतो, तोही सहभागी. कागदपत्रांत पहिल्याला ‘अभ्यासातील सहभागी’ आणि दुसऱ्याला ‘रुग्ण-सल्लागार’ किंवा ‘सहसंशोधक’ म्हणा आणि शेवटपर्यंत तेच शब्द पाळा. नाहीतर सल्लागारांना संमतीपत्रावर सही करायला लावण्याचे प्रकार घडतात.

नियमांच्या दृष्टीनेही फरक आहे. आखणीबाबत सल्ला घेण्यासाठी साधारणपणे एथिक्स कमिटीची वेगळी मंजुरी लागत नाही, कारण तिथे ती व्यक्ती अभ्यासाचा विषय नसते. मात्र बैठकीतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून त्याचं विश्लेषण छापायचा विचार असेल, किंवा सहसंशोधक इतर रुग्णांच्या मुलाखती घेणार असतील, तर मंजुरी आधी घ्यावी लागते. शंका असेल तर समितीच्या सचिवांना एका पानाचं पत्र लिहून विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

काळजीवाहक म्हणजे घरी औषधपाणी, उठबस, दवाखान्याच्या खेपा सांभाळणारी व्यक्ती. पगारी परिचारिका नव्हे. ‘रुग्ण आणि काळजीवाहक’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यांच्या गरजा एक नसतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला एकट्याने बाहेर फिरायला जायचं असतं. त्याच्या पत्नीला तो सुखरूप परत यायला हवा असतो आणि रात्री सलग चार तास झोप हवी असते. दोघांना कायम एकाच बैठकीत बसवलं तर काळजीवाहक रुग्णाच्या वतीने बोलू लागतो आणि स्वतःच्या दमणुकीबद्दल गप्प राहतो. निदान एक फेरी वेगवेगळी घ्या.

प्रश्न ठरण्याआधी

निर्णय सर्वांत जास्त खुले असतात ते संशोधनाचा प्रश्न ठरण्याआधी, आणि नेमकं तेव्हाच रुग्ण खोलीत नसतात. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं (सांध्याच्या झिजेचं) उदाहरण जुनं आहे पण अजून बोलकं आहे. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या लेखाने दाखवलं की त्या आजारावरचे बहुतेक अभ्यास औषधं आणि शस्त्रक्रियेभोवती फिरत होते, रुग्णांना मात्र आजाराबद्दल नीट माहिती आणि सल्ला कसा मिळेल, यावरही संशोधन हवं होतं. ते कुणी विचारलंच नव्हतं.

संधिवातातल्या थकव्याचंही तसंच. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत सुजलेले सांधे मोजले जात, वेदना मोजल्या जात, रक्तातले घटक मोजले जात. काय मोजावं हे ठरवणाऱ्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ च्या परिषदेत रुग्णांना बरोबरीने बसवलं, तेव्हा त्यांनी थकवा पुढे आणला. काही वर्षांतच या आजाराच्या चाचण्यांत थकवा मोजावा, अशी शिफारस झाली. डॉक्टरांना थकवा माहीत नव्हता असं नाही. तो मोजण्याजोगा आहे आणि मोजायलाच हवा, हे त्यांना वाटलं नव्हतं.

प्रश्न शोधायची एक बांधीव पद्धत २००४ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या जेम्स लिंड अलायन्सने रुळवली. त्यात रुग्ण, काळजीवाहक आणि उपचार करणारे बरोबरीने बसतात. आधी सर्वेक्षणातून अनुत्तरित प्रश्न गोळा करायचे. सारखे प्रश्न एकत्र करायचे. उपलब्ध पुराव्यांत उत्तर आधीच मिळालंय का ते तपासून तसे प्रश्न काढून टाकायचे. दुसऱ्या सर्वेक्षणाने यादी छोटी करायची. आणि शेवटी कार्यशाळेत चर्चेने पहिले दहा प्रश्न ठरवायचे. तुमच्या विषयावर अशी यादी आधीच झालेली असेल तर तीच घ्या, नव्याने सर्वेक्षण करून लोकांना दमवू नका. तुमचा अभ्यास लहान असेल तर सहा-सात जणांची दोन तासांची एक बैठक पुरते, पण अटी दोन: प्रश्न आधीच ठरलेला नको आणि निधीच्या अर्जाची मुदत निदान तीन-चार महिने दूर हवी. तीन आठवड्यांवर मुदत आली असेल तर प्रश्न खुला आहे असा आव आणू नका. ‘प्रश्न ठरलाय, भेटींचं वेळापत्रक आणि काय मोजायचं हे अजून ठरायचंय’ असं सरळ सांगा. लोक ते समजून घेतात. नंतर कळलं तर मात्र चिडतात, आणि योग्यच चिडतात.

किती जण, कोण, कुठून

अभ्यासाची दिशा ठरवणाऱ्या सुकाणू समितीवर एकाच रुग्णाला घेऊ नका. बारा तज्ज्ञांत एकटा बसलेला माणूस एकतर बोलत नाही किंवा सगळ्या आजाराचा प्रतिनिधी असल्यासारखं त्याला बोलावं लागतं. तिथे किमान दोघे, आणि शक्यतो एक रुग्ण व एक काळजीवाहक. सल्लागार गटात सहा ते आठ. दहाच्या वर गेलं की चर्चा होत नाही, भाषणं होतात. आजार बळावतो, घरातल्या अडचणी येतात, म्हणून आठ हवे असतील तर सुरुवातीला दहा-अकरा जणांशी बोलून ठेवा.

निवडीआधी एका पानाचं कामाचं वर्णन लिहा: अभ्यास कशाबद्दल आहे, कोणत्या गोष्टींवर मत हवंय, महिन्याला किती तास, किती काळ, मानधन किती आणि कधी, कोणत्या पूर्वज्ञानाची गरज नाही, सोडून जायचं असेल तर काय करायचं. या शेवटच्या ओळीने बरेच जण निश्चिंत होतात.

हे पान रुग्ण संघटना, स्वमदत गट, बाह्यरुग्ण विभागातले फलक, आरोग्य कार्यकर्ते अशा वाटांनी पोहोचवा. उपचार करणाऱ्या डॉक्टरने आपल्याच रुग्णाला थेट विचारणं टाळा. ‘नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल’ ही भीती कुणी बोलून दाखवत नाही, पण असते. डॉक्टरने कागद द्यावा, होकार-नकार मात्र सल्लागारांचं काम बघणाऱ्या समन्वयकाला कळवायचा.

आता खरी अडचण. आपोआप कोण येतं? शिकलेलं, शहरातलं, वेळ हाताशी असलेलं, आजार बऱ्यापैकी आटोक्यात असलेलं माणूस. म्हणून निवडीआधी एक साधा तक्ता करा. डावीकडे तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे फरक लिहा: आजाराची तीव्रता, निदान नवं की जुनं, वय, लिंग, भाषा, रोजंदारी की पगारी, उपचार मध्येच सोडलेले, काळजीवाहकाचं नातं. उजवीकडे आलेली नावं. रिकाम्या ओळी दिसल्या की शोध तिकडे वळवा. ‘उपचार मध्येच सोडलेले’ ही ओळ बहुतेकदा रिकामी राहते, आणि तुमच्या चाचणीतून मध्येच कोण गळेल हे सांगणारे तेच असतात. काही माणसं गटात कधीच येणार नाहीत. त्यांच्यापर्यंत समन्वयकाने जाऊन अर्ध्या तासाच्या गप्पांत मत घ्यावं. तेही सल्लागारच, त्यांनाही मानधन.

ज्यांचा रुग्ण दगावला आहे असे काळजीवाहक शेवटच्या टप्प्याबद्दल जे सांगू शकतात ते दुसरं कुणी सांगू शकत नाही. त्यांना घाईने विचारू नका, पण ‘त्यांना त्रास होईल’ म्हणून परस्पर वगळूही नका. निर्णय त्यांचा.

पैसा

अर्थसंकल्पात ओळ नसेल तर सहभाग होत नाही, उरकला जातो. हिशेब तासांत करा, कारण दर प्रत्येक संस्थेचा वेगळा असतो. समजा तीन वर्षांचा अभ्यास, आठ जणांचा गट, दर तीन महिन्यांनी बैठक: १२ बैठका. प्रत्येक बैठक दोन तास, आधीचं वाचन एक तास, आधी-नंतरचे फोन अर्धा तास, म्हणजे माणशी साडेतीन तास. ८ × १२ × ३.५ = ३३६ तास. सुकाणू समितीवरचे दोघे, वर्षातून दोन बैठका, वाचनासह प्रत्येकी चार तास: ४८ तास. माहितीपत्रक, प्रश्नावली आणि निष्कर्षांचा सोपा सारांश या तीन गोष्टी तपासायला चौघांना प्रत्येक गोष्टीमागे दोन तास: २४ तास. एकूण ४०८. बहुतेक अर्जांत वाचनाचा वेळ धरलेला नसतो; इथे तो एकूण आकड्याचा चौथा हिस्सा सहज होतो.

यावर प्रवास, सोबतच्या माणसाचा प्रवास, घरी रुग्णापाशी थांबणाऱ्या बदली माणसाचा खर्च, इंटरनेट डेटा, मोठ्या अक्षरांतल्या छापील प्रती, दुभाषा. आणि समन्वयकाचा आठवड्यातला निदान एक दिवस. हे काम ‘सगळे मिळून बघू’ म्हणून सोडलं तर कुणीच बघत नाही.

प्रवासखर्च आधी हातात द्या किंवा तिकीट काढून द्या. ‘पावत्या जमा करा, दोन महिन्यांत मिळतील’ ही पद्धत पगारी माणसासाठी आहे. रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्या बैठकीला येत नाही आणि कारणही सांगत नाही. मानधनाने कर किंवा एखाद्या सरकारी भत्त्यावर परिणाम होणार असेल तर ते पहिल्या रकमेआधी सांगा, आणि मानधन नाकारायची मोकळीक ठेवा. निधी मिळण्याआधीच्या महिन्यांचा खर्च प्रकल्पातून निघत नाही. तो संस्थेच्या छोट्या निधीतून काढावा लागतो. त्याची विचारणा सगळ्यांत आधी करा, कारण प्रश्न ठरण्याआधीची बैठक त्यावरच अवलंबून आहे.

निधी देणाऱ्याने ‘याचा उपयोग काय’ विचारलं तर ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०१८ चा, अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा दाखवता येतो. रुग्ण-सहभागामुळे चाचण्यांतली नावनोंदणी माफक प्रमाणात वाढल्याचं त्यात आढळलं, आणि स्वतः तो आजार अनुभवलेली माणसं सल्लागारांत होती तिथे परिणाम अधिक दिसला. चाचणीत शेवटपर्यंत टिकण्याबाबत मात्र ठोस काही हाती लागलं नाही. तेवढंच सांगा, जास्त नको.

बैठक

दोन तास, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी, दोन निर्णय. तिसरा विषय पत्रिकेवर आला की पहिल्या दोन्हींवर घाईघाईने माना डोलावल्या जातात. कागद निदान सात दिवस आधी, १४ पॉइंट अक्षरांत, विषयामागे एक पान. पहिल्यांदा येणाऱ्याशी आधी वीस मिनिटं फोनवर बोला: कोण कोण असेल, काय विचारलं जाईल, कुठलं उत्तर ‘बरोबर’ नसतं.

वेळ आजार ठरवतो, संशोधकांची डायरी नव्हे. संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात, बैठक दुपारी. पार्किन्सनमध्ये औषधाच्या डोसाप्रमाणे हालचाल सुधारते-बिघडते, प्रत्येकाला आपली चांगली वेळ विचारा. डायलिसिसचे वार टाळा. केमोथेरपी चालू असेल तर संसर्गाच्या धोक्यामुळे गर्दीची खोली नको, ऑनलाइन. अपस्माराच्या रुग्णांसमोर लुकलुकणाऱ्या स्लाइड नकोत. दीर्घकालीन थकव्याच्या आजारात कॅमेरा बंद ठेवून आडवं पडून ऐकायची मुभा असावी. स्मृतिभ्रंश असेल तर एका वेळी एकच प्रश्न, तोही कागदावर समोर, आणि गेल्या बैठकीत काय ठरलं ते दोन ओळींत पुन्हा. काळजीवाहकांना वेळ विचारताना ‘किती वाजता मोकळे असता’ असं विचारू नका, ‘घरी कोण थांबलं तर येता येईल’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बहुधा ‘कधीच नाही’ असतं.

खोलीत पदव्या आणि ॲप्रन नकोत. मुख्य संशोधकाने अध्यक्षस्थानी बसू नये. तो बसला की प्रत्येक उत्तर त्याच्याकडे बघून दिलं जातं आणि ‘डॉक्टर म्हणतील तसं’वर गाडी थांबते. आजाराबद्दल बोलताना कुणाला भरून आलं तर कोण बाहेर घेऊन जाईल, कुठल्या खोलीत, पुढच्या दिवशी फोन कोण करील, हे आधी ठरलेलं असावं. एकमेकांच्या आजाराबद्दल ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हे दर वेळी सुरुवातीला सांगा.

काय विचारायचं

चांगले सल्लागार मिळूनही बैठका फुकट जातात त्या प्रश्नांमुळे. ‘हा प्रोटोकॉल कसा वाटला?’ याला ‘चांगला आहे’ याखेरीज उत्तर नाही. ज्याचं उत्तर मिळाल्यावर तुम्ही काहीतरी खोडाल किंवा लिहाल, असा प्रश्न हवा.

‘भेटींची संख्या जास्त वाटते का?’ याऐवजी: ‘सहा महिन्यांत पाच वेळा यायचं आहे. यातली कोणती भेट तुम्ही चुकवाल आणि का?’

‘प्रश्नावली समजते का?’ याऐवजी: ‘प्रश्न सात मोठ्याने वाचा आणि तो नेमकं काय विचारतोय ते मला सांगा.’

‘कोणते परिणाम महत्त्वाचे?’ याऐवजी: ‘हा उपचार लागू पडला, हे तुम्हाला घरी पहिल्यांदा कशावरून कळेल?’ आणि काळजीवाहकाला: ‘तुम्हाला कशावरून कळेल?’ दोन्ही उत्तरं शेजारी लिहा.

या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं लगेच मोजमापात बसत नाहीत. ‘जिना एका दमात चढेन’, ‘रात्री मला उठवणार नाहीत’ असं काही येतं. ते तसंच लिहून ठेवा आणि मग त्याच्या जवळ जाणारं, आधी तपासून सिद्ध झालेलं मोजमाप शोधा. त्या आजारासाठी किमान काय मोजावं याचा सर्वमान्य संच आधीच ठरलेला आहे का, हे २०१० मध्ये सुरू झालेल्या कॉमेट या उपक्रमाच्या खुल्या नोंदवहीत बघता येतं. तो संच ठरवताना रुग्ण होते का, तेही बघा.

भेटींचा भार शोधायला एक मोठा कागद पुरतो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आडवी रेघ ओढा आणि प्रत्येक भेटीखाली लिहा: घरातून किती वाजता निघायचं, उपाशीपोटी का, रांग किती, कोण सोबत, किती मजुरी बुडते, घरी कोण. सल्लागारांना त्यावर लाल खुणा करू द्या. संशोधकाच्या तक्त्यात ‘भेट ३: रक्ततपासणी, १५ मिनिटं’ असते, या कागदावर तीच भेट अख्खा दिवस होते. मग विचारा: ही भेट नेहमीच्या उपचाराच्या तारखेला जोडता येईल? फोनवर होईल? रक्त घराजवळ घेता येईल? इथे बरेचदा खरोखर बदल होतो, आणि तो स्वस्तात होतो.

माहितीपत्रकाची भाषा

इथे मराठीचे स्वतःचे खड्डे आहेत. ‘चाचणी’ म्हटलं की रुग्णाला रक्ताची तपासणी आठवते, ‘प्रयोग’ म्हटलं की तो घाबरतो. ‘उपचारांची तुलना करणारा अभ्यास’ हे लांब आहे पण कळतं. ‘पाठपुरावा’ हा शब्द कचेरीतल्या अर्जाचा वाटतो. ‘नंतरच्या भेटी’ म्हणा. ‘यादृच्छिक विभागणी’ कुणालाच कळत नाही, ‘चिठ्ठी टाकून ठरवावं तसं संगणक ठरवतो, डॉक्टर किंवा तुम्ही गट निवडू शकत नाही’ हे कळतं. प्लेसिबो म्हणजे ‘औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’. ‘प्रतिकूल घटना’ म्हणजे ‘अभ्यासाच्या काळात झालेला कोणताही त्रास, तो औषधामुळे असो वा नसो’. दुसरा अर्धा भाग गाळू नका. ‘माहिती निनावी ठेवली जाईल’ हे अनेकदा खोटं असतं, कारण नाव काढून क्रमांक दिलेला असतो आणि यादी कुठेतरी कुलुपात असते. तसंच लिहा.

तपासायची पद्धत: सल्लागाराला पत्रक वाचायला द्या, मग ते बाजूला ठेवून त्याच्या शब्दांत सांगायला लावा. मला कोणता उपचार मिळेल हे कोण ठरवणार? मध्येच सोडलं तर माझ्या नेहमीच्या उपचाराचं काय? त्रास झाला तर कुणाला फोन? पाच-सहा जणांपैकी दोघे एकाच जागी अडले तर वाक्य बदला. माणसं बदलू नका. लक्षात ठेवा, सल्लागार वर्षभर गटात राहिले की त्यांनाही तुमची परिभाषा अंगवळणी पडते. अंतिम मसुदा नेहमी गटाबाहेरच्या दोन-तीन नव्या लोकांना दाखवा. एथिक्स कमिटीने मंजूर केलेला मजकूर नंतर बदलायचा तर पुन्हा मंजुरी लागते, म्हणून हे सगळं अर्जाआधी.

अभ्यास चालू झाल्यावर

मंजुरी मिळाली की गटाला विसरायची सवय असते. वर्षभराने नावनोंदणी अडकल्यावर आठवण येते. त्यापेक्षा दर बैठकीत तीन आकडे ठेवा: किती जणांना विचारलं, किती आले, किती सोडून गेले. ‘नाही’ म्हणणाऱ्यांची कारणं तुमच्याकडे ‘इच्छा नाही’ अशी नोंदलेली असतील. त्यामागे काय असू शकतं हे गटाला विचारा.

सहसंशोधक मुलाखती घेणार असतील तर त्यांना गोपनीयतेचं प्रशिक्षण, गोपनीयता करार, सरावाच्या दोन मुलाखती आणि प्रत्येक मुलाखतीनंतर बोलायला एक माणूस हवा. त्याच आजाराच्या माणसाशी लोक मोकळं बोलतात हे खरं, पण ऐकणाऱ्याला आपलंच दुखणं पुन्हा ऐकावं लागतं. शिवाय ‘मलाही असंच झालं’ म्हणत मुलाखत स्वतःकडे वळते, हेही घडतं. सरावात ते दाखवून द्या. विश्लेषणासाठी ओळख पुसलेल्या दोन-तीन मुलाखतींचे उतारे पुरेत. आधी त्यांनी स्वतंत्र वाचावेत, तुम्ही पाडलेले विषय-उपविषय नंतर दाखवावेत. क्रम उलटा केला की ते तुमच्याच मथळ्यांना दुजोरा देतात. मतभेद राहिला तर तोही अहवालात जातो.

सूचनांची वही

पाच रकाने: तारीख, सूचना सुचवणाऱ्याच्या शब्दांत, निर्णय कुणी घेतला, काय बदललं, बदललं नसेल तर का. प्रत्येक बैठकीची सुरुवात गेल्या वेळच्या नोंदी वाचून करा. ‘तुम्ही तिसरी भेट फोनवर घ्या म्हणालात, घेतली. रक्त घरी घ्या म्हणालात. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, म्हणून जमलं नाही.’ नकार लोकांना खुपत नाही, मौन खुपतं. गटातली उपस्थिती घसरू लागली तर आधी ही वही उघडा. चौथा आणि पाचवा रकाना बहुधा रिकामे सापडतील.

वहीचा दुसरा उपयोग शोधनिबंध लिहिताना होतो. रुग्ण-सहभाग कसा मांडावा यासाठी २०१७ मध्ये ग्रिप-२ ही तपासणी-यादी प्रसिद्ध झाली. तिच्या छोट्या आवृत्तीत पाचच मुद्दे आहेत: हेतू, पद्धत, त्यातून काय घडलं, चर्चा, आणि काय साधलं-काय फसलं याचं परखड चिंतन. शेवटच्यासाठी आठवणीवर विसंबून चालत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने २०२४ मध्ये सुधारलेल्या, माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर सहभागींना व त्यांच्या समुदायांना अर्थपूर्णरीत्या सामील करून घेण्याची अपेक्षा आहे, तेव्हा समित्याही विचारणारच.

बिघडतं कुठे

एखादा सल्लागार दर बैठकीत स्वतःच्या उपचारातली तक्रार मांडतो. ती खोटी नसते, जागा चुकलेली असते. तक्रार कुठे नेता येईल हे बैठकीनंतर त्याला सांगा, आणि बैठकीत विचारा: ‘तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर या अभ्यासात काय बदलायला हवं?’ दुसरा बिघाड संशोधकाकडून होतो. सूचना आली की लगेच ‘ते शक्य नाही, कारण’ सुरू होतं. सूचना लिहून होईपर्यंत कारण सांगायचं नाही, असा नियम करा. तिसरा: औषध कंपनीशी संबंध असलेली रुग्ण संघटना. तिच्या सदस्यांना वगळायचं कारण नाही, पण हितसंबंध संशोधकांप्रमाणेच त्यांनीही जाहीर करावेत. रुग्ण-रुग्णांत मतभेद झाला तर मतदान घेऊ नका. कोण कोणत्या परिस्थितीतून बोलतंय ते नोंदवा, कारण तुमच्या चाचणीत दोन्ही प्रकारचे लोक येणार आहेत.

गटातलं कुणी दगावलं तर बाकीच्यांना ते उपस्थितीच्या यादीतून कळता कामा नये. समन्वयकाने प्रत्येकाला स्वतः फोन करावा, पुढच्या बैठकीत थोडा वेळ त्यासाठी ठेवावा, आणि घरच्यांना पत्रं-संदेश जाणं थांबलंय याची खात्री करावी. यादीतून नाव न काढल्यामुळे महिनाभराने बैठकीचं निमंत्रण घरी पोहोचणं, यासारखं वाईट काही नाही.

निष्कर्ष आल्यावर आधी सल्लागारांना आणि सहभागींना कळवा, पण कसं कळवायचं हे नियतकालिकाच्या अटी बघून ठरवा. सोपा सारांश दोन पानांचा, पहिल्याच परिच्छेदात उत्तर. ‘निगेटिव्ह’ हा शब्द टाळा; रुग्णाच्या भाषेत रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे चांगली बातमी. ‘नवा उपचार जुन्यापेक्षा सरस ठरला नाही’ असं लिहा. ज्यांनी आखणीत किंवा विश्लेषणात भरीव काम केलं, मसुद्यात लक्ष घातलं, अंतिम मजकूर मान्य केला आणि जबाबदारी घेतली, त्यांचं नाव लेखकांत यायला हवं. निकष सगळ्यांना एकच. मात्र नाव छापलं की आजारही जाहीर होतो, म्हणून लेखी विचारा, आणि नकार असेल तर आभारात निनावी उल्लेख चालेल का तेही विचारा. निबंध पैसे भरून वाचायच्या नियतकालिकात असेल तर सदस्यांना दुव्यावर टिचकी मारून काहीच दिसत नाही. छापील प्रत घरी पाठवा, आणि त्यांच्या सूचनेमुळे बदललेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून पाठवा.